वरचे पाच हूक

नोटीस बोर्डावर तो कागद सोमवारी लागला. ज्यांच्या सहीनं माल कारखान्याबाहेर जातो, त्या सगळ्यांनी दोन महिन्यांत 'व्यवस्थापनासाठी प्राथमिक संख्याशास्त्र' हा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यायची, आणि जो नापास होईल त्याचा सहीचा अधिकार काढून घेतला जाईल, असं त्यात लिहिलं होतं. तपासनीसबाईंनी तो कागद तीनदा वाचला.

"नापास झालं तर घरी पाठवतात का हो, बाई?" शेजारी उभ्या असलेल्या भट्टीवाल्यानं विचारलं.

"घरी नाही. पॅकिंगच्या टेबलावर. खोकी चिकटवत बसायचं."

"मग बरंच आहे की. तिथं पंखा आहे."

भट्टीवाल्याला सहीचा अधिकार नव्हता, त्यामुळे त्याला विनोद सुचत होते.

बाईंचं काम सांगायला विचित्र होतं. चांगले हूक तोडायचे. त्या कारखान्यात उंचावर काम करणाऱ्या माणसांचे कमरपट्टे बनत. त्या पट्ट्याला जो मोठा पोलादी हूक असतो, तो पंधरा दिवसांतून एकदा टोपलीभर भट्टीतून निघे. दोनशे पाच हूक: पाच तोडायला, दोनशे पाठवायला. बाई एकेक हूक मशीनच्या दोन जबड्यांत अडकवून कळ दाबायच्या. मशीन हूक ओढायला लागायचं आणि काटा वर चढायचा. पंधराशे किलोच्या आत हूक तुटला तर सगळा क्रेट अडवायचा, असा नियम. पण तशी वेळ कधी आलीच नव्हती. हूक साडेबावीसशेच्या आसपास तुटायचा, तोही असा धाडकन, की शेडमधली नवी माणसं जागच्या जागी उडायची. बाईंची पापणीही हलत नसे.

पाच हूक कोणते घ्यायचे, हे आधीचे तपासनीस निवृत्त होताना शिकवून गेले होते. त्या रीतीला सगळे 'पंजा' म्हणत. क्रेटवर उजवा हात बोटं फाकवून ठेवायचा आणि पाच बोटांच्या टोकांखाली जे पाच हूक येतील ते उचलायचे. "डोळ्यांनी निवडलं की मन मध्ये येतं," ते म्हणायचे, "बोटांना मन नसतं." बाईंना हे फार पटलं होतं. चौदा वर्षं त्यांनी इमानानं पंजा टेकला होता आणि चौदा वर्षं खाली सही केली होती.

आणि आता या वयात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गणित! शाळेत एकदा फळ्यापुढं उभं करून गुरुजींनी सगळ्या वर्गाला विचारलं होतं, "हिच्या डोक्यात भुसा आहे की दगड, कोण सांगतो?" चाळीस पोरांनी हात वर केले होते. तेव्हापासून आकड्यांच्या जागी अक्षर दिसलं की बाईंच्या तळहातांना घाम सुटे. मशीनचा काटा वाचणं वेगळं. काटा काही विचारत नाही.

त्यांची ही भीती घरात एकाच माणसाला माहीत होती, ती म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि बाई बावीस. तेव्हापासून तोच त्यांचा भाऊ आणि तोच त्यांचा मुलगा. आता पस्तिशीचा बाप्या झाला होता, बायको होती, लेक होती, तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत. बाईंच्या वरच्याच मजल्यावर राहायचा. आणि पोटासाठी काय करायचा, तर उंच इमारतींच्या काचा पुसायचा. दोराला लोंबकळून, चौदाव्या, सोळाव्या मजल्यावर. बाई गेली अकरा वर्षं रस्त्यानं मान खाली घालून चालत होत्या. लोकांना वाटे, बाई विनयशील आहे. खरं तर वर पाहिलं आणि एखाद्या काचेवर माणूस दिसला, की तो बारक्याच आहे असं वाटून त्यांचे हातपाय गळत.

त्यांचा एकच आधार होता. बारक्याच्या पट्ट्याला त्यांच्याच कारखान्याचा हूक होता. त्यानंच मुकादमाच्या मागे लागून सगळ्या टोळीला ते हूक घ्यायला लावले होते. "माझ्या ताईनं तपासलेत," असं तो छाती काढून सांगे. तसा हूक रोज काही करत नाही. तो नुसता कमरेला असतो. पाय सुटला, मुख्य दोर सरकला, तरच एका क्षणापुरतं त्याचं काम. त्या एका क्षणासाठी बाई चौदा वर्षं हूक तोडत होत्या.

वर्ग कारखान्याच्याच उपाहारगृहात भरे, मंगळवारी आणि शुक्रवारी, पाळी सुटल्यावर. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक येत, उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडलं असावं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकही अक्षर लिहिलं नाही. विचारलं, "घरात बापाचा पाय दहा नंबरचा, आईचा सहाचा, पोराचा दोनचा. सरासरी किती?"

"सहा," स्टोअरकीपर म्हणाला.

"मग सगळ्यांना सहा नंबरचे जोडे आणू?"

लोक हसले. बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला समजलं. पुढचे दोन आठवडे त्या घाबरत घाबरत का होईना, शिकत गेल्या. संध्याकाळी बारक्या वही घेऊन समोर बसे आणि मास्तरांपेक्षा जास्त मास्तरकी करी.

"सांग, ताई. प्रमाण विचलन म्हणजे काय?"

"म्हणजे सगळे आकडे सरासरीपासून किती लांब पळालेत, त्याचं माप."

"उदाहरण दे."

"तू. शाळेत असताना सरासरीपासून इतका लांब पळालास, की अजून सापडला नाहीस."

बारक्याची लेक खुदकन हसे. बाईंना वाटू लागलं, जमेल बहुतेक. सही राहील.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी प्रत्येकाला आपापल्या कामातले आकडे आणायला सांगितलं. बाईंनी हुकांची गेल्या सव्वादोन वर्षांची वही नेली. दोन हजार दोनशे चाळीस, दोन हजार दोनशे नव्वद, दोन हजार दोनशे दहा, पानामागून पान. मास्तरांनी गणित मांडलं. प्रमाण विचलन आलं चाळीस. बाईंना शाबासकीची अपेक्षा होती. मास्तर मात्र चष्मा काढून पुसत बसले.

"बाई, इतके एकसारखे? सव्वादोन वर्षांत एकही नाठाळ नाही?"

"आमची भट्टी चांगली आहे, सर."

"असेल. नमुना कसा घेता?"

बाईंनी टेबलावर हात ठेवून पंजा दाखवला. बोटांना मन नसतं, हेही सांगितलं. मास्तरांनी ते नीट ऐकून घेतलं, थट्टा केली नाही. मग म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. खरं आहे ते. पण भात तळापासून ढवळला असेल तरच. वरचं शीत मऊ लागलं म्हणून मधला भात कच्चा नाही, हे कुणी सांगितलं? तुमचा पंजा क्रेटमध्ये किती खोल जातो?"

"खोल कशाला जाईल? वरच टेकतो."

"मग खालच्या हुकांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

बाईंनी वहीतले आकडे पुन्हा वाचले. त्यांना भीती वाटली, पण ती परीक्षेची नव्हती. मास्तरांनी सगळ्यांना गृहपाठ दिला: आपल्या मालातल्या प्रत्येक नगाला नंबर द्या, चिठ्ठ्या टाका आणि चिठ्ठीत जो नंबर निघेल तोच नग तपासा. मग तो वरचा असो, मधला असो की तळाचा.

योगायोगानं दुसऱ्याच दिवशी मोठ्या हुकाचा क्रेट निघाला होता. चारला ट्रक येणार होता. बाईंनी सकाळीच भट्टीवाल्याला मदतीला घेतलं आणि दोघांनी क्रेट थराथरानं रिकामा करून हुकांवर खडूनं एक ते दोनशे पाच नंबर घातले. बाईंनी तेवढ्या चिठ्ठ्या घरूनच करून आणल्या होत्या. चहाच्या किटलीत टाकून त्यांनी वीस काढल्या.

"पाचाऐवजी वीस तोडणार?" भट्टीवाला म्हणाला. "साहेब आपल्यालाच जबड्यात घालतील."

"गृहपाठ आहे."

"तुमची परीक्षा आणि आमच्या हुकांचा जीव!"

पहिला हूक बावीसशे साठला तुटला. धाडकन. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. आठव्यापर्यंत बाईंचा श्वास मोकळा झाला होता. घरी गेल्यावर बारक्याला सांगू, की मास्तर उगाच घाबरवत होते, असंही मनात येऊन गेलं.

नववी चिठ्ठी एकशे अकराची होती. बाईंनी तो हूक लावला, कळ दाबली. काटा पाचशे, सातशे, आठशेवर गेला. नऊशेच्या जरा अलीकडे तो थबकला आणि मग सावकाश मागे येऊ लागला. आवाज झालाच नाही. मशीन बंद पडलं असं वाटून बाई वाकल्या. हूक तुटला नव्हता. तो उघडला होता. झोपलेल्या माणसाची मूठ सैल होते तसा, अगदी सावकाश.

"मशीनचं काहीतरी बिघडलंय," भट्टीवाला म्हणाला.

बाईंनी दहावा लावला. बावीसशे तीस, धाडकन. मशीनचं काही बिघडलं नव्हतं. चौदाव्या चिठ्ठीला पुन्हा तेच झालं, आठशे ऐंशी. अठराव्याला नऊशे वीस. तिन्ही हूक क्रेटच्या मधल्या थरातले होते. विसावा तुटेपर्यंत भट्टीवाल्याचे विनोद संपले होते.

"असं कसं झालं?" बाईंनी विचारलं.

भट्टीवाल्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं. "पूर्वी टोपलीत एकच थर असायचा, बाई. साठ-सत्तर हूक. मग मागणी वाढली, आणि वरून हुकूम आला की टोपली भरून घाला. तेव्हापासून रास घालतो. लाल हूक तेलात बुडवले की बाहेरच्यांना झटक्यात तेल लागतं, ते कडक होतात. मधल्यांना लागायला वेळ लागतो. ते तोवर... आपले हळूहळू निवतात. मऊ राहतात."

"आणि क्रेट भरताना?"

"टोपली उलटी करतो. तळाचे वर येतात. मधले मधेच."

म्हणजे पंजाखाली नेहमी कडेचेच हूक येत होते. प्रत्येक वेळी. बाई स्टुलावर बसल्या.

"कधीपासून रास घालतोस?"

"सव्वादोन वर्षं झाली असतील." भट्टीवाल्याच्या कपाळावर घाम होता आणि तो भट्टीचा नव्हता. "बाई, हे कुणाला बोलू नका. मला दोन पोरी आहेत."

बाईंना त्याचा राग आला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं तो नऊशेच्या अलीकडे थबकलेला काटा होता आणि एकच विचार होता: बारक्याचा हूक मागच्याच वर्षीचा आहे.

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वर साहेब होते आणि त्यांच्या टेबलावरचा फोन दर दहा मिनिटांनी त्याची आठवण करून द्यायचा. त्यांनी बाईंचा कागद घेतला, वीस आकडे कॅल्क्युलेटरवर मारले आणि चेहरा उजळला.

"सरासरी दोन हजार सत्तेचाळीस. पंधराशेच्या कितीतरी वर. घाबरलात कशाला?"

"साहेब, सरासरी कुणी कमरेला बांधत नाही. प्रमाण विचलन पाहा. चाळीस होतं, ते पाचशेच्या जवळ गेलंय. वीसात तीन..."

"बाई, परीक्षा अजून व्हायची आहे. तीन आठवड्यांचा वर्ग आणि तुम्ही मला विचलन शिकवणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "दोन वर्षांत एक तक्रार आली का? एक? झाकली मूठ सव्वा लाखाची असते. उरलेले एकशे पंच्याऐंशी हूक चारच्या ट्रकनं जाऊ देत, पुढच्या टोपलीपासून थर कमी करू. सही करा आणि मोकळ्या व्हा. नाही केली तर चौदा वर्षांच्या सगळ्या सह्या कुणाच्या, हे वरचे मलाच नाही, तुम्हालाही विचारतील."

हे खरं होतं. बाईंची पाचावर धारण बसली. तक्रार कुठून येणार, हे त्यांना माहीत होतं. पाय सुटल्याशिवाय हूक तपासला जात नाही, आणि पाय सुटून हूकही उघडला, तर तक्रार करायला कोण उरतं? पण "जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते," एवढंच म्हणून त्या बाहेर आल्या.

बारक्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नुसती घंटी. त्याची टोळी त्या आठवड्यात दोन गल्ल्या सोडून एका चौदा मजली इमारतीवर होती. बाई चपला घासत निघाल्या आणि निम्म्या वाटेत चक्क धावू लागल्या. इमारतीशी पोचल्यावर अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली.

काचेवर सात ठिपके होते. कुठला बारक्या ते कळेना. एक ठिपका बाजूला झुकला तेव्हा बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण तो नुसता कोपरा पुसत होता. त्या खालून हाका मारत राहिल्या. मुकादमानं काहीतरी घरचं संकट असावं असं समजून वर शिट्टी मारली आणि एक ठिपका खाली सरकू लागला. मजल्यामागून मजला. बाई मनातल्या मनात मजले मोजत होत्या आणि प्रत्येक मजल्याला नवस बोलत होत्या.

"काय झालं, ताई? लेकीला काही झालं का?" बारक्याचे पाय जमिनीला लागले. बाईंनी उत्तर न देता त्याच्या पट्ट्याचा हूक आधी हातात घट्ट धरला.

वाटेत त्यांनी त्याला सांगितलं, तेही अर्धवट, की या हुकाबद्दल जरा शंका आहे. तो हसला. "तुझ्या हुकाबद्दल? मास्तरांनी तुझं डोकं फिरवलंय. बरं, तपास. पण लवकर. चारपर्यंत माझे तीन मजले व्हायचे आहेत, आणि हूक नसेल तर मुकादम वर चढू देत नाही."

मशीनपाशी साहेब आधीच उभे होते. त्यांनाही राहवलं नसावं. बाईंनी बारक्याचा हूक जबड्यांत लावला. काटा पाचशेवर गेला. सातशे. आठशे. बाईंनी डोळे मिटून घेतले. नऊशेचा क्षण कधी गेला ते कळलंच नाही, आणि मग तो धाडकन आवाज झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा बाई त्या आवाजानं दचकल्या. डोळे उघडून पाहिलं, तर दोन हजार तीनशे दहा.

बाईंना रडू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हुंदके देत राहिल्या. बारक्या त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "बघ! उगाच जीव टांगणीला लावलास. आणि वर माझा चांगला हूक मोडलास."

"झालं समाधान?" साहेबांचा स्वरही सैल झाला होता. "बोलवा आता ट्रक."

बाईंना वाटलं, झालं. खरंच झालं असेल. बारक्या वाचला होता, सही वाचणार होती, भट्टीवाल्याच्या पोरी आणि साहेबांची खुर्चीही. मास्तर म्हणाले असते, एका हुकावरून काही सांगता येत नाही. पण मास्तर तिथं नव्हते. बाईंनी पेन उघडलं.

"ताई, आता दुसरा हूक दे बाई," बारक्यानं हात पुढं केला. "मला चढायचंय."

"यातलाच द्या की एक," साहेबांनी क्रेटकडे बोट दाखवलं. "ताजा माल आहे."

बाई क्रेटपाशी गेल्या. एकशे पंच्याऐंशी हूक. सगळे सारखे, सगळे काळेभोर, तेलानं चमकणारे. ते पुन्हा भरताना खडूचे नंबर तेलानं पुसून गेले होते, मधले वर आले होते, वरचे खाली गेले होते. कुठला कडेचा आणि कुठला मधला, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मशीनवर लावून पाहावं तर कळेल, पण कळेल तेव्हा तो तुटलेला तरी असेल, नाहीतर ताणून कामातून गेलेला. बाईंनी हात पुढं नेला. एका हुकाला बोट लावलं आणि मागे घेतलं. दुसऱ्याला लावलं. बारक्याचा हात तसाच पुढं होता, तळव्यावर दोरानं पडलेले जुने घट्टे.

"काय शोधतेस? कुठलाही दे."

कुठलाही. वर्गात याच शब्दावर मास्तरांनी अख्खा तास घालवला होता.

बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, तुम्ही द्या. तुमच्या हातानं एक निवडा आणि माझ्या भावाच्या कमरेला लावा. मग मी सही करते."

"हा काय पोरखेळ आहे?" साहेब म्हणाले आणि तरातरा पुढं आले. त्यांनी क्रेटमध्ये हात घातला. एक हूक उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि ठेवला. दुसरा उचलला. बारक्या त्यांच्याकडे पाहत होता, कमरेचा मोकळा पट्टा हातात धरून. साहेबांच्या बोटांना तेल लागलं होतं. ते बराच वेळ त्या हुकाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी तो अलगद खाली ठेवला.

बाईंनी कागद घेतला आणि सहीच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: अडवला. खाली तारीख घातली.

तेव्हा कुठं बारक्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं एकदा क्रेटकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. लहानपणी अंधारात उठून बसायचा तसा त्याचा चेहरा झाला.

"ताई," तो म्हणाला, "बाकीचे सहा जण अजून वर आहेत."

मघाशी त्या इमारतीखाली बाई स्वतः उभ्या होत्या. मान वर करून सात ठिपके त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी मोजले होते, आणि त्यांतला एक उतरवून घेऊन आल्या होत्या. सहांना तसंच लटकत ठेवून. एकदाही मनात आलं नव्हतं. एकदाही नाही. बारक्या फोन कानाला लावून दाराकडे धावला. "खाली घ्या! सगळ्यांना खाली घ्या!" तो ओरडत होता. बाई खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या आणि त्याच्या परत येणाऱ्या पावलांची वाट पाहू लागल्या. ती सतरा मिनिटं त्यांनी कशी काढली हे त्यांचं त्यांना ठाऊक.

सहाही जण उतरले. सहाही हूक एका फडक्यात बांधून बारक्या घेऊन आला आणि बाईंनी ते एकेक करून मशीनवर लावले. पाच धाडकन तुटले. एक आवाज न करता उघडला, आठशे नव्वदला. तो कुणाच्या पट्ट्याचा होता हे बारक्याला माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

साहेबांनी कपाटातून पाठवणीच्या वह्या काढल्या होत्या आणि ते बोट ठेवून वाचत होते. सव्वादोन वर्षांत सत्तावन्न क्रेट गेले होते. अकरा हजार चारशे हूक, कुठल्या कुठल्या गावांत, कुठल्या कुठल्या उंचीवर, कुणाकुणाच्या कमरेला. "बाई," त्यांनी मान वर न करता विचारलं, "यातले साधारण किती असतील?"

वीसात तीन. वीस हुकांवरून अचूक सांगता येणार नव्हतं, कमी-जास्त होणारच, हेही बाईंना आता कळत होतं. पण अंदाज सांगायला त्यांना कागद लागला नाही, पेन लागलं नाही. आकडा आपोआप समोर येऊन उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्याला गणित आलं नसतं तर बरं झालं असतं.

"सतराशेच्या आसपास," बाई म्हणाल्या, आणि पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर फिरवायला त्यांनी फोन पुढं ओढला.